आढळला नाही

"वाजलं की बटण दाबायचं हं, आजी," असं कान तपासणाऱ्या मुलीनं तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बाई वैतागल्या. "दाबीन की. आधी वाजवा तर खरं!" जेमतेम कपाटाएवढी ती खोली. भिंतींना करड्या स्पंजाचे उंचवटे, कानांवर घट्ट बसलेल्या दोन वाट्या, हातात ते बटण. काचेपलीकडची मुलगी थांबली. तिनं यंत्राकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि फार मऊ आवाजात म्हणाली, "वाजवून झालं, आजी. सगळं वाजवून झालं."

एवढंच झालं. त्र्याहत्तराव्या वर्षी माणसाला कमी ऐकू येतं यात नवल ते काय? भाचीनं त्यासाठीच तर धरून आणलं होतं. "मावशी, बातम्या तू ऐकतेस की अख्खी इमारत?" असं ती महिनाभर चिडवत होती आणि बाईही हसत होत्या. पण मुलीनं आलेख छापून हातात दिला आणि ते हसू जागच्या जागी विरलं. आलेख वाचण्यात बाईंची हयात गेली होती. डावीकडून निघालेली रेघ शहाण्या मुलीसारखी सरळ चालत आली होती आणि मध्यावर आल्यावर, पायरी चुकावी तशी, धाडकन खाली गेली होती. "ही कुठं पडली?" बाईंनी बोट ठेवून विचारलं. "तीन हजारांपाशी उतरायला लागलीय. चार हजार कंपनांच्या पुढं जवळजवळ काहीच नाही." "आणि साडेपाच हजार?" मुलीला त्या नेमक्या आकड्याचं आश्चर्य वाटलं असावं. "नाही, आजी. पण घाबरू नका हो. माणसांचं बोलणं बहुतेक खालच्या पट्टीत असतं, ते तुम्हाला छान येतंय. वरचं म्हणजे घड्याळाचा गजर, एखादा पक्षी, किडे, असलंच काहीतरी. त्यावाचून काही अडत नाही." बाईंनी विचारलं, हे कधीपासून. मुलगी खांदे उडवत म्हणाली, "पंधरा वर्षं, वीस वर्षं. हळूहळू जातं. जे ऐकूच येत नाही, ते येत नाही हे माणसाला कळणार तरी कसं?"

बाहेर भाची बाकावर बसून होती. तिनं आलेख उलटा धरून पाहिला, मशीन लावलं की झालं म्हणाली, आणि रस्ता ओलांडताना बाईंचा दंड धरला. बाईंनी तो धरू दिला. एरवी झिडकारला असता. रस्त्यावर नेहमीचाच गोंगाट होता, बसचे ब्रेक, दुकानाचं खाली ओढलेलं शटर, कुणीतरी कुणाला तरी मारलेली हाक, आणि बाईंना आज पहिल्यांदा कळलं की हे सगळं अर्धं आहे. चित्राच्या वरच्या बाजूनं कुणीतरी पट्टी कापून नेली होती आणि बाई उरलेल्या चित्रालाच पूर्ण समजून चालत आल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वीही. वजाबाकी त्यांना करायची नव्हती. ती आपोआप होत होती. त्र्याहत्तरातून अकरा गेले बासष्ट. बासष्टाव्या वर्षी त्या तळ्यावर होत्या.

विभागात त्यांना पाठीमागं सगळे बेडूकबाई म्हणायचे. हे नाव त्यांना पहिल्या वर्षीच चिकटलं, कारण तोवर त्या विभागात बेडकाला हात लावणारी बाई झालीच नव्हती. म्हाताऱ्या प्राध्यापकांनी समजुतीच्या सुरात सांगून पाहिलं होतं, "मुलींनी फुलं घ्यावीत. फार तर फुलपाखरं. बेडूक उडी मारतो." "मारू दे की, सर. मलाही येते," असं त्या बोलून गेल्या आणि पुढची चाळीस वर्षं त्या एका वाक्याला जागल्या. गुडघाभर चिखलात उभ्या असताना काठावरून जाणारी माणसं थांबून विचारायची, "काय हरवलं, ताई?" "अजून सापडलेलं नाही," त्या उत्तर द्यायच्या, आणि माणसं बिचारी सहानुभूतीनं पाण्यात बघत राहायची. एकानं, जो बरा होता, ज्याच्याबरोबर एक हिवाळा त्या बऱ्याच फिरल्या होत्या, त्यानं विचारलं होतं की लग्नानंतरही हे चालूच राहणार का. त्या काळात त्यांच्या काचेच्या टाकीत बेडूकमाशांना पाय फुटत होते. शेपूट गळून पडत नाही, ती आतल्या आत जिरते. त्या दिवसांत पिल्लाचं तोंडच बदलत असतं, त्याला काही खाता येत नाही, आणि ते स्वतःच्या शेपटीवर जगतं. हे त्यांनी त्याला अगदी रंगून सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. ते राहिलंच.

आणि मग तो आवाज. शहराच्या कडेला, विटभट्ट्यांच्या पलीकडं एक पाणथळ होती. तिला सगळे तळं म्हणायचे, पण तळ्याचा आकार तिला नव्हता; पाणी वाढलं की पसरायची, आटलं की चार डबकी उरायची. तिथं एका संध्याकाळी गवतातून कुणीतरी खिशातल्या घड्याळाला किल्ली देतंय असा बारीक, कोरडा, घाईचा आवाज आला. किडा म्हणून कुणीही सोडून दिला असता. बाईंनी सोडला नाही; टिपून मोजला, तो साडेपाच हजार कंपनांवर होता. तो बेडूक हाती लागायला पावसाचे तीन मोसम गेले. सापडला तेव्हा ओल्या पानाखाली होता, अंगठ्याच्या नखाएवढा, आणि त्याच्या गळ्याचा फुगा त्याच्या डोक्यापेक्षा मोठा झाला होता. जगात तो कुणीच पाहिलेला नव्हता. पुढंही दुसरीकडं कुठं सापडला नाही. त्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा बाईंनी आईचं नाव दिलं, लॅटिन शेपूट लावून. आई आधी रागावली. "मेल्या बेडकाला माझं नाव? अगं, लोक काय म्हणतील!" मग ते नियतकालिक तिनं उशाखाली ठेवलं. एक अक्षर वाचता येत नव्हतं त्यातलं, पण चित्रावर बोट ठेवून ती आल्यागेल्याला दाखवायची, "ही मी." आणि फोनवर शेवटी नेहमी, प्रकृतीची चौकशी झाल्यावर, "माझा बेडूक कसाय गं?"

घरी आल्यावर भाची चहा टाकायला आत गेली आणि बाईंनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून कॅसेटचा खोका काढला. त्या बेडकाच्या आवाजाच्या कॅसेटची दुसरी प्रत त्यांनी सहा-सात वर्षांपूर्वी टाकून दिली होती. फीत पुसली गेलीय, नुसती खरखर उरलीय, असं त्यांना वाटलं होतं. मूळ कॅसेट मात्र जपून ठेवलेली होती. यंत्र जुनं होतं, पण चाललं. आधी त्यांचा स्वतःचा आवाज आला, तिशीतला, थोडा धापा टाकणारा: तारीख, वेळ, हवा, पाण्याची खोली. मग तो आवाज हसून म्हणाला, "आता ऐका हं." बाई ऐकू लागल्या. खरखर. कुठंतरी लांबवर मोठ्या बेडकाचं डरांव. पुन्हा खरखर. त्यांनी यंत्राला कान लावला, आवाज पूर्ण वाढवला, आणि डोळे मिटून घेतले, जणू डोळ्यांमुळंच अडत होतं. तेवढ्यात आतून भाची ओरडली, "मावशी, अगं बंद कर ते! काय कटकट वाजतंय मघापासून, कानात सुया टोचतायत नुसत्या!"

बाईंनी ते बंद केलं नाही. भाची हात पुसत बाहेर आली, तिनंच बटण दाबलं, आणि मावशीचा चेहरा बघून तिथंच गुडघे टेकून खाली बसली. "काय झालं?" बाईंनी तिला सांगितलं नाही. सांगण्यासाठी आधी ते वाक्य स्वतःशी म्हणायला हवं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कसा वाजतो गं?" भाचीला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, "कसा म्हणजे? वाजतोय की."

बाईंच्या साठीच्या सुमारास तळं बुजवून तिथं घरं बांधायची होती. अडचण एकच होती, तो बेडूक. तो असेपर्यंत कायद्यानं तिथं मातीची पाटी टाकता येत नव्हती. सरकारी समितीनं बाईंनाच विचारलं, कारण दुसऱ्या कुणाला विचारणार? सलग तीन पावसाळे, आठवड्यातून चार संध्याकाळी, बाई आणि बरणीमामा तळ्याच्या काठी उलट्या खोक्यांवर बसले. बरणीमामा म्हणजे विभागाच्या संग्रहालयातले बरण्या सांभाळणारे. बाईंबरोबर तीस वर्षं चिखल तुडवलेला माणूस. बाईंना बाकीचे बेडूक ऐकू येत होते. जाड्या आवाजाचे, घोगरे, म्हशीसारखे हंबरणारे, सगळे हजर. फक्त तोच नव्हता. मग कानांवर संशय कसा घेणार? एका विद्यार्थ्यानं, जो आता विभागप्रमुख आहे, सुचवलं होतं की आवाज टिपणारी यंत्रं लावून ठेवू. बाई म्हणाल्या होत्या, "यंत्राला बेडूक आणि रातकिडा यातलं काय कळतं?" आणि वर्गात हशा पिकला होता. तिसऱ्या मोसमानंतर त्यांनी अहवाल लिहिला. शेवटचं वाक्य लिहायला दोन दिवस लागले. "सलग तीन मोसम शोध घेऊनही आढळला नाही." तळं वाचवायला धडपडणारी माणसं घरी येऊन भांडली. "बाई, तुमच्या एका शब्दावर आहे सगळं. थोडं इकडंतिकडं केलं असतंत तर?" "जे ऐकलं नाही ते ऐकलं असं मी लिहिणार नाही," बाईंनी उत्तर दिलं होतं. त्या वाक्याचा त्यांना अकरा वर्षं अभिमान होता. वाईट काळात माणूस अंगाला शाल लपेटून घेतो तसं त्यांनी ते वाक्य लपेटून घेतलं होतं. आईलाही त्यांनी तसंच सरळ सांगितलं. नव्वदीची आई, खाटेवर उशीला टेकून बसलेली. "माझा बेडूक?" "नाही गं राहिला, आई." आईनं स्वतःच्या हातांकडं पाहिलं आणि ती हसून म्हणाली, "म्हणजे आता माझा नंबर." वर्ष पुरं व्हायच्या आत ती गेली. आणि ज्या दुपारी ते बोलणं झालं त्याच संध्याकाळी, कदाचित, गवतात कुणीतरी घड्याळाला किल्ली देत बसलं असेल. हे 'कदाचित' बाईंना सहन होईना. तपासून घेतल्याशिवाय कुठलीही गोष्ट मानायची सवय त्यांना नव्हती, स्वतःचा अपराधसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या बरणीमामांकडं गेल्या. मामा मुलाकडं राहत होते, तिसऱ्या मजल्यावर. सुनेनं हसत स्वयंपाकघर दाखवलं. फळीवरच्या प्रत्येक बरणीला मामांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी होती. साखर, कोपऱ्यावरचं दुकान, तारीख. "डाळीलासुद्धा जन्मतारीख घालतात, बाई. काही सांगायची सोय नाही!" मामा लाजले. सून पाणी ठेवून आत गेल्यावर बाई म्हणाल्या, "मामा, एक विचारते. खरं सांगाल?"

"तुमच्याशी खोटं कधी बोललोय?"

"शेवटची तीन वर्षं आपण तळ्यावर बसायचो. तो ओरडायचा?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुम्ही तर लिहिलंत ना, बाई, की नाही म्हणून."

"मी काय लिहिलं ते मला माहीत आहे. तुम्हाला ऐकू यायचा का?"

खाली अंगणात कुणीतरी सतरंजी झटकत होतं. त्या दणक्यांमध्ये मामा थांबून थांबून बोलले. "पहिल्या वर्षी होते पुष्कळ. दुसऱ्या वर्षी चार-पाच असतील. शेवटच्या वर्षी एकच होता, त्या लव्हाळ्याच्या बाजूला. एकटाच. पार अंधार पडेपर्यंत चालू असायचा बिचारा. उत्तर द्यायला कुणी नाही तरी."

"मग बोलला का नाहीत, मामा?" बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "तीन वर्षं! माझ्या शेजारी बसून!"

"बोलणार होतो. पहिल्याच दिवशी तोंड उघडलं, तर तुम्ही हात वर केलात, गप्प म्हणून. आणि मग वहीत फुली मारलीत. मला वाटलं, हा तो नसेल. त्याच्यासारखा दुसरा कुणीतरी, किडाबिडा. बाईंना कळत नाही आणि मला कळतंय, असं कसं होईल?" ते थोडं हसले. त्यात तक्रार नव्हती, हेच वाईट होतं. "तुम्हीच सांगितलं होतंत ना मला, अगदी पहिल्यांदा आलो तेव्हा. मी ओरडलो होतो, तो बघा तो बघा म्हणून, आणि बेडूक उडी मारून पळाला. तुम्ही म्हणालात, ऐकायचं काम माझं. तुम्ही बरणी धरा."

बाईंना ते आठवत नव्हतं. कितीही आठवून पाहिलं तरी आठवत नव्हतं. तिशीतल्या त्या बाईनं कुठल्याशा संध्याकाळी, चिडून, सहज, एक वाक्य फेकलं होतं. तिनं ते तिथंच टाकून दिलं, आणि या माणसानं ते उचलून चाळीस वर्षं सांभाळलं, तारीख घालून, बूच घट्ट लावून. ज्या म्हाताऱ्या प्राध्यापकांवर त्या आयुष्यभर हसल्या, त्यांनी तरी काय वेगळं केलं होतं? फुलं घ्या म्हणाले होते. बाईंनी बरणी धरा म्हटलं. बाईंना माफी मागायची होती, पण माफी मागितली असती तर मामा उठून उभे राहिले असते आणि "असं काय, बाई" म्हणत हात जोडले असते, आणि पुन्हा सगळं होतं तसंच झालं असतं. म्हणून त्या फक्त म्हणाल्या, "तो तोच होता, मामा. तुमचं बरोबर होतं." मामांनी पाण्याचा पेला बाईंच्या हाताजवळ सरकवला.

विभागप्रमुखांनी दार लावून घेतलं आणि ते अजिजीनं बोलले. "बाई, आता तिथं चारशे घरं आहेत. ती काय कुणी पाडणार आहे? आणि पहिल्या वर्षी पुष्कळ, शेवटी एक, म्हणजे तो जाणारच होता. तुम्ही लिहिलंत काय आणि न लिहिलंत काय. उगाच तुमचं नाव मात्र..." त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. बाईंनी आदल्या दिवशी घरी जाताना स्वतःलाही हेच सांगून पाहिलं होतं, आणि दोन चौकांच्या पलीकडं ते टिकलं नव्हतं. "एक होता," त्या म्हणाल्या. "आणि एक होता तोवर 'आढळला नाही' हे खोटं होतं. 'निरीक्षकाला ऐकू आला नाही' असं हवं होतं." त्यांनी दुरुस्तीचा मजकूर स्वतः लिहिला. आठ ओळी. कानांचा आलेख जोडला. सहायकास प्रस्तुत प्राण्याचा आवाज तिन्ही मोसमांत स्पष्ट ऐकू आला होता. त्यास विचारण्यात आले नाही. शेवटच्या चार शब्दांवर संपादकांचा फोन आला, की हे शास्त्रीय निरीक्षणात बसत नाही, काढू का. बाई म्हणाल्या, तेवढंच एक शास्त्रीय आहे त्यात. चार महिन्यांनी ते छापून आलं, मागच्या पानावर, बारीक टायपात. कुणाचा फोन आला नाही, कुणी भांडायला आलं नाही. जी माणसं तेव्हा भांडली होती त्यातली दोन वारली होती आणि एकानं त्याच चारशेतलं घर घेतलं होतं.

पाऊस लागून पंधरा दिवस झाल्यावर बाई आणि बरणीमामा रिक्षानं तिथं गेले. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. इमारतींच्या मागं, कुंपणाच्या भिंतीला लागून, पाण्याच्या निचऱ्याचा एक उघडा चर काढलेला होता. त्यात ढोपरभर पाणी साठलं होतं आणि कडेनं आपोआप गवत उगवलं होतं. चराच्या काठावर सिमेंटचा एक बाक होता. दोघं त्यावर बसले. बाईंनी कानातलं नवं मशीन काढून पर्समध्ये टाकलं. त्यानं भांडी आदळल्यासारखं सगळंच मोठं होत होतं, पण जे गेलं होतं ते काही परत येत नव्हतं. "आज तुम्ही ऐकायचं," त्या म्हणाल्या आणि वही मांडीवर उघडली.

मामा घसा साफ करून ताठ बसले, जणू कुणी परीक्षेला बसवलं होतं. बाई पाण्याकडं बघत नव्हत्या. त्या मामांच्या चेहऱ्याकडं बघत होत्या. चाळीस वर्षांत त्यांनी तो एवढा वेळ कधी पाहिलाच नव्हता: कानशिलावरचा भाजल्याचा डाग, ऐकताना किंचित उघडे राहणारे ओठ. पाऊण तास गेला. उजेड मंद होत गेला, घराघरांत दिवे लागले. मामांना दया येईल, ते खोटंच "आहे, बाई, एक आहे" म्हणतील, अशी भीती बाईंना वाटली. मग त्यांनी तसं म्हणावं अशी इच्छा झाली. आणि त्या इच्छेची लाज वाटली.

"नाही, बाई," मामा म्हणाले. "तो नाही."

बाईंनी लिहिलं. पुन्हा विचारलं नाही, हात वर केला नाही. खात्री आहे का, हेही विचारलं नाही. पेन्सिल तशीच धरून म्हणाल्या, "बाकी काय काय येतंय?"

"बाकी म्हणजे?"

"जे येतंय ते सगळं. मला सांगा."

मामांनी पुन्हा कान दिला. "गवतात दोन रातकिडे आहेत. एक जवळ, एक त्या खांबापाशी. जवळचा थांबून थांबून. वरती एक पाकोळी गेली आत्ता, चिक चिक करत. कुणाच्या तरी घड्याळाचा गजर वाजतोय. पाइपातून पाणी ठिबकतंय, बारीक." बाई एकेक लिहून घेत होत्या, अंधारात अक्षर वाकडं येत होतं तरी. मामांना आता रंग चढला होता. एरवी चार शब्द न बोलणारा माणूस बोटांनी दिशा दाखवत सांगत होता. "कुठंतरी सायकलची घंटी. आणि दुसऱ्या मजल्यावर, त्या हिरव्या पडद्याच्या घरात, बाळ रडतंय."

बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी मान वर करून त्या खिडकीकडं पाहिलं.

"ते मलाही येतंय," त्या म्हणाल्या.